पेण-रोहा एकत्र (नवीन)

"बाई, ऐकलंत का? काल रात्री आमच्या दादाने ग्रुप सोडला."

"अगंबाई! कुठला?"

"कुठला म्हणजे? तो एकत्रवाला. ऐन संक्रांतीच्या दिवशी! आणि त्याने ग्रुप सोडला म्हणून इकडे ह्यांनी जेवण सोडलं. अर्धी गुळपोळी पानात तशीच. हळू बोला हं, हे घरातच आहेत. पनवेलला महापालिकेचं मतदान, म्हणून आज सुट्टी."

शेजारच्या वहिनींचं सासर पेण, माहेर रोहा. मध्ये रेल्वेची स्टेशनं किती, तर पेण सोडलं की कासू, नागोठणे, निडी आणि रोहा. यजमान पेणच्या प्रवासी ग्रुपचे ॲडमिन, थोरला भाऊ रोह्याच्या प्रवासी ग्रुपचा ॲडमिन आणि वहिनी दोघांच्या कात्रीत. आमच्या दोन घरांमधली भिंत कंबरेएवढी आहे. तिच्यावर कोपर टेकायची वहिनींची जागा ठरलेली, तिथला गिलावा गुळगुळीत झालाय. मी निवृत्त शिक्षिका, तेव्हा दुसऱ्याचं ऐकून घ्यायची सवय अशी नव्हतीच. वहिनींनी ती लावली.

"पण थांबा, मुळापासून सांगते," वहिनी म्हणाल्या आणि हातातला लसणाचा वाडगा भिंतीवर ठेवला. वाडगा खाली ठेवला की समजावं, आता अर्ध्या तासाची निश्चिंती.

मूळ म्हणजे २०१५ साल. तेव्हा पेण आणि रोहा यांचा एकच ग्रुप होता, पहाटेच्या रोहा-दिवा गाडीचा. मध्य रेल्वेची हद्द रोह्याला संपते आणि तिथून कोकण रेल्वे सुरू होते, म्हणून ही गाडी रोह्यातूनच सुटते. साहजिकच रोह्याची माणसं बसून येतात आणि पेणची माणसं उभी राहतात. हा भूगोल झाला, त्याला कोण काय करणार? पण रोह्याला बसलेला माणूस जेव्हा शेजारच्या जागेवर रुमाल टाकतो आणि नागोठण्याला चढणाऱ्या आपल्या माणसाला ती जागा देतो, तेव्हा पेणला उभं राहणाऱ्याला तो भूगोल वाटत नाही.

"ग्रुप फुटला तो त्या रुमालावरून. दादाने टाकलेला रुमाल ह्यांनी उचलला आणि घडी करून वर रॅकवर ठेवला. नवा होता हो, दिवाळीतला."

"वहिनी, रुमालाचं मला माहीत नाही. ग्रुप फुटला तो शंभरावरून." मला बोलल्याशिवाय राहवेना. "तेव्हा व्हॉट्सॲपच्या ग्रुपात शंभराच्या वर माणूस मावतच नव्हता. मर्यादा दोनशे छप्पन झाली ती २०१६ च्या फेब्रुवारीत. पुढे २०२२ साली आधी पाचशे बारा आणि मग एक हजार चोवीस."

"असेल हो. पण शंभर झाल्यावर बाहेर कुणी जायचं, हे कुणी ठरवलं? ह्यांनी. काढलं कुणाला? रोह्याच्यांना. मर्यादा कंपनीची, यादी आमच्या घरातली!"

यावर मी गप्प बसले. शाळेच्या तुकड्या पाडताना आम्हीही तेच करायचो: पटसंख्येचा नियम वरून यायचा आणि कोणतं पोर कुठल्या तुकडीत, ते स्टाफरूममध्ये ठरायचं. पुढे दोनशे छप्पन माणसांची सोय झाली तेव्हा दोन्ही ग्रुप सहज एक झाले असते. कुणी विषयसुद्धा काढला नाही. तोवर 'पेण प्रवासी' आणि 'रोहा प्रवासी' अशा दोन चुली नीट मांडून झाल्या होत्या. नागोठण्याची माणसं तेवढी दोन्हीकडे होती, आणि इकडचं तिकडे होत होतं ते त्यांच्यामार्फत.

"आता २०२१ चं ऐका," वहिनी म्हणाल्या.

ते मलाही आठवतं. ४ जानेवारीला व्हॉट्सॲपने नवे नियम पुढे केले, ८ फेब्रुवारीपर्यंत मान्य करा म्हणाले, आणि आरडाओरडा झाल्यावर तीच तारीख १५ मेपर्यंत पुढे ढकलली. तिकडे अमेरिकेत इलॉन मस्कने 'सिग्नल वापरा' एवढंच लिहिलं आणि इकडे पेणच्या भाजी मंडईत लोक एकमेकांना विचारायला लागले, तुमचं वाचतात का हो कुणी? वास्तविक दोघांमधले निरोप पूर्वीसारखेच कुलूपबंद राहणार होते. वाद होता तो धंदेवाल्या खात्यांशी होणाऱ्या बोलण्याचा आणि फेसबुकला कुठली माहिती जाते याचा. पण एवढं समजून घ्यायला कुणाला उसंत होती? दादा अख्खा रोहा ग्रुप घेऊन टेलिग्रामवर गेले. तिथे म्हणे एका ग्रुपात दोन लाख माणसं मावतात.

"दोन लाख! ह्यांनी विचारलं, गाडीत मावतात का तेवढी?"

त्याच जानेवारीच्या अखेरीस, २८ तारखेला, टेलिग्रामने आणखी एक सोय काढली. व्हॉट्सॲपवरचं जुनं बोलणं उचलून टेलिग्रामच्या ग्रुपात आणता यायला लागलं. जुना मेसेज आजच्या दिवसात येऊन बसायचा, पण त्याच्या अंगावर मूळ तारीख असायची, आणि ग्रुपातल्या सगळ्यांना तो दिसायचा. दादांनी हौसेने सगळं दप्तर आणलं. नेमका तेव्हाच त्यांचा नवा जावई ग्रुपात आला होता.

"बाई, त्या जावयाने सगळं वाचलं. पोरगा पाहायला आला होता त्या दिवसापासूनचं! कुणीतरी लिहिलं होतं, मुलगा चांगला आहे पण समोरून केस गेलेत. त्याच्यावर दहा जणांनी हसून घेतलं होतं. त्या दहात दादाही होता."

"मग?"

"मग काय? जावयाने त्याच मेसेजला उत्तर दिलं, 'टकलाचा सर्वांना नमस्कार.' दोन वर्षांनी! दादा आठ दिवस लेकीकडे फोन करत नव्हता."

आमचे हसण्याचे आवाज आत गेले असावेत, कारण खिडकीत खोकल्याचा आवाज झाला. वहिनींनी दोन पाकळ्या सोलल्या आणि पुन्हा सूर धरला.

आता मुख्य कथा. २०२५ च्या सप्टेंबरअखेरीस अरट्टाईची लाट आली. चेन्नईच्या झोहो कंपनीचं हे ॲप निघालं होतं २०२१ सालीच, पण तेव्हा त्याच्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं. मग स्वदेशीचा गजर झाला, केंद्रातले मंत्री सांगायला लागले आणि नव्या माणसांची नोंदणी तीन दिवसांत रोजच्या तीन हजारांवरून साडेतीन लाखांवर गेली. खुद्द झोहोच्या श्रीधर वेम्बूंनी तसं सांगितलं होतं. त्या लाटेत वहिनींचे यजमान आणि दादा यांचं आयुष्यात पहिल्यांदा एकमत झालं. कारण साधं होतं. रोह्याने व्हॉट्सॲपवर परत यायचं म्हणजे पेणकडे येणं झालं असतं, आणि पेणने टेलिग्रामवर जायचं म्हणजे रोह्याच्या दारात उभं राहणं. तिसऱ्याच जागी गेलं की कुणी कुणाकडे गेलं असं होत नाही. दोन भावांनी वडिलोपार्जित घर सोडून दोघांनाही लांब पडेल अशा ठिकाणी फ्लॅट घ्यावा, तसलं हे शहाणपण. पण निदान भांडण नव्हतं.

भांडण नावावर आलं. 'पेण-रोहा' की 'रोहा-पेण'? गाडी रोह्यातून सुटते म्हणून रोहा आधी, हा दादांचा मुद्दा. लवाद म्हणून मला विचारण्यात आलं. मी म्हटलं, वर्णमालेत 'प' आधी येतो, 'र' नंतर. निकाल मान्य झाला, पण दादांनी जाता जाता म्हटलंच, "बाई शेवटी पेणच्याच." त्या नावापुढे कुणीतरी कंसात 'नवीन' घातलं, ते आजही तसंच आहे.

मुहूर्त दसऱ्याचा, २ ऑक्टोबर. दिवसभर नुसती आवक चालू होती, अमुक आले, तमुक आले. आणि दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता जे झालं, ते मी वहिनींकडून कितीदा तरी ऐकलंय. तरी काल पुन्हा ऐकलं आणि आज पुन्हा.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी रोह्यात धावीर महाराजांची पालखी निघते. ग्रामदैवत आहे ते रोह्याचं. पालखी निघताना पोलिसांची सशस्त्र मानवंदना असते, आणि मग आळीआळीतून, दारादारातून ती फिरते. बाहेरगावी असलेला रोहेकर त्या दिवशी एकतर गावात असतो, नाहीतर फोनमध्ये डोकं घालून बसलेला असतो. पहाटेपासून ग्रुपवर पालखीच पालखी होती. आणि पेणला वहिनींच्या यजमानांनी, इतकी वर्षं रोज विचारतात तसं, लिहिलं: 'कुठवर आली?'

पेणच्या ग्रुपात या दोन शब्दांना एकच अर्थ होता. तिथे गाडीशिवाय दुसरं काही यायचंच नाही.

उत्तर लगेच आलं: 'आत्ता कुठे आळीत शिरली. अजून खूप वेळ आहे.'

"हे निवांत अंघोळीला गेले हो! साबण लावताहेत आणि तिकडे गाडीचा भोंगा! तसेच टॉवेलवर बाहेर आले आणि माझ्यावर ओरडले, तुझ्या माहेरच्यांनी मुद्दाम केलं म्हणून!"

मला विचाराल तर ग्रुप एकत्र करण्याचं सगळं दुखणं या एका प्रश्नोत्तरात आहे. माणसं उचलून दुसरीकडे नेता येतात, त्याला बोटाचं काम. पण 'कुठवर आली' म्हणजे काय आली, हे त्या माणसांमध्ये दहा वर्षांत न बोलता ठरलेलं असतं. ते कुठल्या बटणाने न्यायचं? पेणवाल्यांना ते सांगावंसं वाटलं नाही, कारण ते सांगायचं असतं हेच त्यांना माहीत नव्हतं. आणि रोहेकरांनी दिलेलं उत्तर शंभर टक्के खरं होतं.

पुढे नियमांची समिती झाली. पेणचा नियम होता: सुप्रभात नको, फुलं नकोत, देव नकोत, गाडीपुरतं बोला. रोह्याचा नियम असा की नियम नाही. रविवारी तर रिकामी खोली, जुनी स्कूटी, कोलमाचे तांदूळ, सगळ्याच्या जाहिराती. शिवाय टेलिग्रामवर रोह्याच्या लोकांनी टोपणनावं घेतलेली, ती सवय इकडेही आली. 'कुंडलिकेचा वाघ' नावाचा कुणीतरी पेणच्या साठीच्या माणसाला 'काय रे' म्हणून गेला. चौकशी केली तर तो नागोठण्याचा अकरावीतला मुलगा निघाला, वडिलांच्या फोनवरून.

"आणि ते शाडूचं?" मी विचारलं. मला ते वहिनींच्या तोंडून ऐकायचं होतं.

"नाव नका काढू. आमचे चुलत सासरे पेटले होते."

पेणला गणपतीचे कारखाने बारा महिने चालतात. इथलं विसर्जन होतं न होतं तोच पुढच्या वर्षाच्या कच्च्या मूर्ती साच्यातून निघायला लागतात. हमरापूर, जोहे, कळवे, तांबडशेत, जिकडे जाल तिकडे पांढऱ्या मूर्तींच्या रांगा. आमच्या गल्लीच्या टोकालाच एक कारखाना आहे. आखणी करणारा माणूस डोळ्याची रेघ ओढताना श्वास रोखतो, आणि त्या वेळी दारातून गेलं तर पोरंसुद्धा पाय न वाजवता जातात. अशा गावात प्लास्टर ऑफ पॅरिस हा विषय म्हणजे घरातल्या चुलीचा विषय. केंद्रीय प्रदूषण मंडळाने २०२० साली त्याच्यावर बंदीचा नियम केला. उच्च न्यायालयाने २०२५ च्या जूनमध्ये मूर्ती घडवायला मोकळीक दिली, पण नैसर्गिक पाण्यात परवानगीशिवाय विसर्जन करायचं नाही असं बजावलं. पेणच्या जुन्या ग्रुपात यावर कुणी ब्र काढत नसे, कारण निम्म्या ग्रुपाचे मामा-काका कारखानदार. रोह्याच्या एका सज्जनाने मात्र नव्या ग्रुपात साळसूदपणे लिहिलं, आमच्या कुंडलिका नदीत पीओपी नको, पेणकरांनी शाडूच करावी. चुलत सासऱ्यांनी उत्तर दिलं, आधी तुमच्या धाटावच्या एमआयडीसीचं पाणी बघा. दोघांचंही बरोबर होतं, आणि म्हणूनच ते तीन दिवस चाललं.

नंतर तर नगरपरिषदेच्या निवडणुका आल्या, पेणलाही आणि रोह्यालाही. २ डिसेंबरला मतदान झालं आणि मोजणी गेली थेट २१ तारखेवर. मधले ते दिवस ग्रुपवर कसे गेले, ते न लिहिलेलंच बरं. तेव्हा दादांना वेगळीच भीती बसली: कुणी काही भलतं लिहिलं तर पोलिस ॲडमिनला धरतात. मी त्यांना भिंतीवरूनच फोनवर समजावलं की गोंदिया जिल्ह्यातल्या अशाच एका ॲडमिनवरचा गुन्हा नागपूर खंडपीठाने २०२१ साली रद्द केलाय. ॲडमिनच्या हातात माणूस घेणं आणि काढणं एवढंच असतं, दुसरा काय लिहिणार हे तो आधी तपासू शकत नाही, तेव्हा त्याचा त्यात हात असल्याशिवाय त्याला धरता येत नाही, असं न्यायालयाने म्हटलंय. दादा म्हणाले, "पण बाई, इथे ॲडमिन अकरा आहेत. हात नेमका कुणाचा, हे कोण ठरवणार?" याचं उत्तर खंडपीठाकडेही नसावं.

वहिनींनी लसूण संपवला. टरफलं आमच्या बाजूच्या अळूत टाकली, नेहमीप्रमाणे.

"ते जुनं दप्तर आणायचं होतं ना हो?" मी म्हटलं.

"दादाला आणायचं होतं. हे नको म्हणाले. मी म्हटलं, का नको, बघू तरी. ह्यांनी फाइल काढून ठेवली होती ती मी उघडली."

ती फाइल वहिनींनी मलाही दाखवली होती. चित्रं नाहीत, आवाज नाहीत, नुसती अक्षरं. जिथे फोटो होता तिथे फोटो वगळल्याची एक ओळ. तारीख, वेळ, नाव, मजकूर. तारीख, वेळ, नाव, मजकूर. कासू सोडली. पेण आली. आज आठ मिनिटं. पेण आली. मधला डबा रिकामा. पेण आली. वर्षानुवर्षं हेच. मध्येच कुणाला मुलगा झाला, पेढे दुसऱ्या डब्यात. मध्येच रोह्याच्यांबद्दल जे काही लिहिलंय ते, आणि वहिनींच्या यजमानांना दप्तर का आणायचं नव्हतं ते तिथे कळतं. आणि एका ठिकाणी आमच्याच आळीतल्या एका गृहस्थांचं नाव: 'आज येत नाही. जागा वापरा.' त्यानंतर त्यांचं नाव पुन्हा कुठे नाही. करोनाचं दुसरं वर्ष.

"ही पुसायची नाही, असं मी ह्यांना बजावलंय," वहिनी म्हणाल्या. "पण त्या ग्रुपात टाकायचीही नाही. ठेवायची आपली."

वहिनींचं हे मला पटलं. जुनं सगळं सगळ्यांपुढे ओतणं आणि जुनं सगळं फेकून देणं, यांच्यामध्ये कपाटात ठेवणं नावाची गोष्ट असते. माझी मावसबहीण न्यू जर्सीला असते. त्यांच्या तिकडच्या मराठी बायकांचा एक याहू ग्रुप होता, गौरीचे मुखवटे कुठे मिळतात इथपासून सगळं त्यात. याहूने २०१९ साली आवराआवर सुरू केली आणि २०२० च्या डिसेंबरात ग्रुपची दारं कायमची लावली. ज्यांनी वेळेत उतरवून घेतलं त्यांचं राहिलं. ऑर्कुट त्याआधी, ३० सप्टेंबर २०१४ ला गेलं. उलट मायबोली १९९६ पासून चालू आहे. मध्ये घर नवं बांधलं तरी जुन्या हितगुजवरच्या गप्पा त्यांनी वाचायला ठेवल्या. कुणी भांडायला तिथे जात नाही, पण एखादी पाककृती शोधायला जातात.

"पण न आलेल्यांचं काय, ते विचारा की," वहिनी म्हणाल्या.

पापडवाल्या मावशी नव्या ग्रुपात आल्या नाहीत. पेणचे पोह्याचे पापड, मिरगुंडं. मावशींची निम्मी गिऱ्हाइकं त्या जुन्या ग्रुपातली. ॲप घ्या म्हटलं तर म्हणाल्या, "फोन भरलाय माझा." नातवंडांचे व्हिडिओ काढल्याशिवाय जागा होत नाही आणि ते त्या काढणार नाहीत. त्यांना ग्रुप हलल्याचं दुःख नव्हतं. दिवाळी गेली तरी कुणी पापड का मागत नाही, हे त्यांना कळत नव्हतं. शेवटी स्टेशनवर कुणीतरी भेटलं तेव्हा उलगडा झाला. ग्रुप हलवताना दोन्ही ॲडमिन अभिमानाने सांगत होते, आले किती. राहिले कोण, याची यादी कुणी केली होती?

आणि तोवर लाटही ओसरली. महिनाभरात अरट्टाईवर शुकशुकाट व्हायला लागला. पेणवाले गुपचूप जुन्या व्हॉट्सॲपवर 'कुठवर आली' विचारायला लागले, रोहेकर टेलिग्रामवर. नव्या ठिकाणी उरलं काय, तर ॲडमिन, फुलं आणि वाद.

मी तेव्हाच यजमानांना एक तोडगा सुचवला होता. आपल्या रायगडात ग्रुप ग्रामपंचायती आहेत की नाही? दोन-तीन गावं मिळून एक पंचायत. घरपट्टी एका ठिकाणी, ग्रामसेवक एक, पण प्रत्येक गावाची होळी वेगळी लागते आणि गावकी वेगळी बसते. कुणी म्हणत नाही की पंचायत एक झाली, आता होळीही एकच लावा. व्हॉट्सॲपने २०२२ च्या नोव्हेंबरात कम्युनिटी म्हणून जे काढलं ते असंच आहे. पेणचा ग्रुप पेणचा, रोह्याचा रोह्याचा, आणि वर एक घोषणांचा फलक, तिथे फक्त ॲडमिन लिहिणार: गाडी रद्द, गाडी अर्ध्या तासाने. बाकी ज्याने त्याने आपापल्या ओटीवर बोलावं.

"ह्यांना पटलं होतं," वहिनी म्हणाल्या, "पण फलकावर आधी कोण लिहिणार, यावर अडलं."

"बरं, कालचं काय झालं ते राहिलंच."

"कालचं? काल चौदा जानेवारी. तिळगुळाची चित्रं शेकडो. त्यात दादाने टाकलं, आज चिंतामणराव देशमुखांची जयंती, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, आमच्या रोह्याचे सुपुत्र. चांगलं होतं की नाही? गप्प बसावं की नाही? ह्यांनी लिहिलं, जन्म नाते गावचा, महाडजवळचा. रोह्याचे कसे?"

"अरे देवा."

"दादा म्हणाला, घराणं रोह्याचं, बालपण रोह्यात. आणि तुमचे विनोबा? गागोद्याला जन्मले आणि लहानपणीच बडोद्याला गेले. मग पेणचे कसे? हे म्हणाले, विनोबांना मध्ये आणायचं काम नाही. चुलत सासरे मध्ये पडले, नागोठण्याचे मध्ये पडले, तो वाघ मध्ये पडला. आणि बरोबर अकरा वाजता, तिळगूळ घ्या गोड बोलाच्या दोन चित्रांच्या मधोमध, दादा बाहेर. आज किंक्रांत, म्हणून मी फोन केला नाही. उद्या करीन."

विनोबा आणि देशमुख, एकाने जमीन मागत देश पायाखाली घातला आणि दुसऱ्याने देशाचा जमाखर्च सांभाळला. या दोघांपायी एका घरात गुळपोळी वाया जावी! मी तसं म्हटलंही, पण वहिनींचं लक्ष नव्हतं. त्या खिडकीकडे पाहत होत्या. मग वाडगा उचलून भिंतीला अगदी चिकटल्या.

"बाई, एक सांगते, कुणाला बोलू नका. आम्ही बायकांनी वेगळा ग्रुप केलाय. लेडीज डब्यातल्या. पेणच्या, कासूच्या, नागोठण्याच्या, रोह्याची माझी वहिनी पण आहे. पापडवाल्या मावशींनाही घेतलंय. साध्या व्हॉट्सॲपवरच, फोन भरलेला असला तरी चालतं."

"आणि नियम?"

"काही नाही. गाडीचंही तिथेच कळतं. आणि रविवारी पोपटी आहे, नागोठण्याच्या बाजूला, एकीच्या शेतावर. वालाच्या शेंगा तिच्याच. मडकं दादा आणणार आहे, भांबुर्डीचा पाला हे आणतील. मडकं उपडं करून भोवती पेंढा रचायला दोन पुरुष लागतातच."

"दोघं कबूल झाले?"

"दोघांनाही माहीत नाही दुसरा येतोय ते."

मी कपाळाला हात लावला. "ॲडमिन कोण आहे याला?"

"सगळ्याच. तुम्हीसुद्धा. सकाळीच टाकलाय तुमचा नंबर, बघा जरा फोन. आणि तुमच्यासाठी वेगळं मडकं लावू का? आम्ही शेंगांबरोबर अंडी घालतो, कोंबडीही असते. तुम्हाला अंडं चालतं का?"

"चालतं," मी म्हटलं, "पण ते ग्रुपवर लिहू नका."